खुतबा कोणत्या भाषेत?

सिंदखेडराजा तालुक्यातल्या दुसरबीडसारख्या वऱ्हाडी गावात मुसलमान माणूस शुक्रवारी दुपारी हातातले काम बाजूला ठेवून मशिदीकडे निघतो. जुम्याच्या नमाजसाठी व्यवहार थांबवा, ही कुराणाच्या ६२व्या अध्यायातली आज्ञा आहे. तिथे तो जे ऐकतो, त्यातले त्याला कळते किती?

खुतबा म्हणजे जुम्याच्या नमाजआधी इमामाने मिंबरावर उभे राहून दिलेले प्रवचन. त्याचे दोन भाग. मध्ये इमाम क्षणभर बसतो. अल्लाहची स्तुती, पैगंबरांवर दरूद, आयती, उपदेश आणि दुआ, असा त्याचा ऐवज. तो चालू असताना शेजाऱ्याला ‘गप्प बस’ म्हणणेही वर्ज्य. इतक्या एकाग्रतेने ऐकायचा हा खुतबा आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत अरबीत असतो.

तो अरबीतच हवा का, हा वाद फार जुना आहे. इमाम अबू हनिफा यांच्या मते अन्य भाषेतला खुतबाही ग्राह्य. त्यांचे शिष्य अबू युसुफ व मुहम्मद यांनी मात्र ज्याला अरबी येत नाही त्यालाच ही सवलत दिली. खुतबा ही इबादत मानली, तर पैगंबरांच्या काळापासूनची भाषा जपावीशी वाटते. तो उपदेश मानला, तर श्रोत्याला कळणे महत्त्वाचे ठरते. प्रत्येक प्रेषित आपल्या लोकांच्याच भाषेत बोलला, या कुराणातल्या आयतीकडे दुसरा पक्ष बोट दाखवतो.

तुर्कस्तानात १९३२ साली इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीत तुर्की भाषेत खुतबा झाला. तिथली अजानही त्याच वर्षी तुर्कीत आली. १९५० मध्ये ती पुन्हा अरबीत देण्याची मुभा मिळाली, खुतब्याचा उपदेश मात्र तुर्कीतच राहिला. केरळात मुजाहिद पंथाच्या मशिदींत तो मल्याळममध्ये होतो, तर परंपरावादी सुन्नी मशिदींत अरबीत.

आपल्याकडे मधला मार्ग निघाला. आधी उर्दूत बयान, मग सुन्नत नमाज, दुसरी अजान, आणि त्यानंतर अरबी खुतबा. अरबीचा मान राहिला, उपदेशही पोचला. पण या तोडग्यात श्रोत्याला उर्दू येते असे गृहीत धरले आहे. घरात दखनी-वऱ्हाडी वळणाची बोली, शाळेत मराठी, आणि उर्दू लिपीची ओळख नाही, अशा मुलाला बयानातले फारसी-अरबी शब्द अडतात. जकात कोणावर लागू होते, मुलीचा वारसाहक्क किती, मेहर कोणाचा, हे नेमके त्यालाच कळायला हवे असते.

मराठीला हा विषय परका नाही. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. अरबी खुतब्याला हात न लावताही बयान मराठीत देता येईल, कारण बयानाच्या भाषेवर कोणतेच शास्त्रीय बंधन नाही. अडसर असलाच, तर तो सवयीचा आहे.