शरीरकुतूहल : लहानग्यांचं पाऊल सपाट का?

न्हाऊन आलेलं दोन-तीन वर्षांचं मूल फरशीवर दुडूदुडू पळतं, तेव्हा ओला ठसा अख्खा उमटतो. मोठ्यांच्या ठशात आतल्या बाजूला असणारी खाच त्यात नसते. आईबाबा धास्तावतात.

पण या वयात तळव्याच्या आतल्या कमानीच्या जागी चरबीचा थर असतो. शिवाय हाडं बांधून ठेवणारे अस्थिबंध अजून सैल असतात. उभं राहिलं की वजनानं कमान दबते. मुलाला चवड्यांवर उभं करून पाहा. अंगठा वर वळताच तळव्याचा जाड पट्टा धनुष्याच्या दोरीसारखा ताणला जातो, टाच पुढे ओढली जाते आणि कमान बहुधा दिसू लागते. वाढत्या वयात अस्थिबंध घट्ट होतात, तशी ती टिकते.

राव आणि जोसेफ या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या २,३०० मुलांचे ठसे तपासले. १९९२च्या त्या अभ्यासात सपाट पाऊल बूट घालणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळलं. घरात तरी मुलांना अनवाणी बागडू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

उपचारांचं म्हणाल, तर ऑस्टिओपॅथीत हातांनी सांधे-स्नायू हाताळतात. त्यानं कमान लवकर येते, याला भक्कम पुरावा नाही. महागड्या बुटांचंही तेच. मात्र पाऊल दुखत असेल, ताठ असेल, किंवा चवड्यांवरही कमान दिसत नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.