नामंजूर अर्जाची चव

निवृत्त माणसानं स्वयंपाकघरात लुडबूड करू नये, असं आमच्या सौ.चं ठाम मत आहे. तरीही गेल्या महिन्यात मी ती केली. निमित्त नातीचं. तिला डब्यात न्यायला 'फ्रूट बार' हवे होते. दुकानातलं पाकीट मी उलटं करून बारीक अक्षरं वाचली (बँकेची सवय, दुसरं काय!) आणि म्हटलं, "हे आपण घरीच करू."

कृती तशी सरळ आहे. २०० ग्रॅम कणीक, ८० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. त्यात १२० ग्रॅम थंडगार लोणी बोटांच्या टोकांनी चोळायचं, पीठ रव्यासारखं मोकळं होईपर्यंत. दुसरीकडे बिया काढलेला २०० ग्रॅम खजूर आणि मूठभर बेदाणे थोड्या पाण्यात शिजवायचे, वर लिंबू पिळायचं. निम्म्याहून जास्त पीठ ट्रेमध्ये दाबून बसवायचं, त्यावर फळांचा थर, वर उरलेलं पीठ भुरभुरायचं. ओव्हनमध्ये १८० अंशांवर साधारण अर्धा तास.

पहिला घाणा फसला. "अहो, ही वडी म्हणायची की शिरा?" सौ.नं विचारलं. चुका तिनंच दाखवल्या. लोणी पातळ झालं होतं. ते पिठात मुरलं आणि खुसखुशीतपणा गेला. खजूर पातेल्याचा तळ दिसेपर्यंत आटवला नव्हता. आणि मी गरम असतानाच सुरी चालवली. फळांचा थर गार झाल्यावरच आळतो. तोवर तासभर थांबावं लागतं.

तिसऱ्या घाण्याला वडी जमली. पहिला तुकडा तोंडात टाकला, बेदाण्याचा आंबटगोडपणा जिभेवर आला आणि मला एकदम १९८९ साल आठवलं.

सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत तेव्हा मी कर्जाचं टेबल सांभाळत होतो. एक बाई आल्या. हातात स्टीलचा डबा. त्या खजूर-बेदाण्याच्या वड्या करून विकत. गावातल्या बेकरीत पाव निघाले, की उतरत्या भट्टीत आपले ट्रे लावत आणि ट्रेमागे पैसे मोजत. विजेचे दोन गोल ओव्हन आणि थोडा माल, यासाठी त्यांना चार हजार रुपये हवे होते.

"साहेब, बेदाणा आपल्याकडचाच. माल खपतोय. पण भट्टी दुसऱ्याची आणि वेळही दुसऱ्याची."

मी प्रश्न विचारत गेलो. जमीन नावावर आहे? जामीनदार? पतीची सही?

"ते मुंबईला असतात. पत्र येत नाही."

अर्जावर मी शेरा मारला : 'तारण अपुरे. नामंजूर.'

शेरा नियमाला धरूनच होता. पण शाखाधिकाऱ्यांकडे शिफारस करणं माझ्या हातात होतं. ती मी केली नाही. गंमत म्हणजे त्याच वर्षी महिलांच्या एका मेळाव्यात मी 'लिज्जत'ची गोष्ट रंगवून सांगितली होती. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सांगताच टाळ्या पडल्या होत्या. त्या ८० रुपयांना तारण काय होतं, हे मला कुणी विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

बाई निघून गेल्या, डबा राहिला. चहाबरोबर आम्ही सगळ्यांनी वड्या संपवल्या, वर तारीफही केली. चार दिवसांनी त्या डबा न्यायला आल्या. शिपायानं तो धुऊन ठेवला होता. मी टेबलावरून मान वर केली नाही.

आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा कुणी रिकामा परत करत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. इतक्या वर्षांत मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत बँकेतली कितीतरी माणसं आली. या बाई मात्र आल्या नाहीत. त्यांना आणायचं तर त्या टेबलामागचा मीही आलो असतो.

हे सगळं नातीला सांगितलं. ती वडी खाता खाता म्हणाली, "आजोबा, मग त्या आजींनी ओव्हन घेतला का?"

"माहीत नाही गं."

"तुम्ही विचारलं नाहीत?"

इतके प्रश्न विचारले होते मी त्यांना. हा तेवढा राहिला.

असो. वड्या जरूर करून पाहा. गार होईपर्यंत धीर धरा. आणि कुणाचा डबा घरात राहिला असेल, तर तो रिकामा पाठवू नका.