गाडीचं अंतरंग (भाग ६) : सफारीचं नाव जुनं, सांगाडा नवा

मागच्या भागात चासीवर बॉडी चढवलेली गाडी आणि चासी-बॉडी एकसंध असलेली मोनोकॉक गाडी यांतला फरक पाहिला. तो एकाच नावात पाहायचा, तर टाटा सफारी घ्यावी. १९९८ साली आलेली सफारी शिडीसारख्या चासीवर उभी होती. ताकद मागच्या चाकांना, हवी तर फोर-बाय-फोर. २०२१ ची सफारी पिंपरीतच तयार होते, पण जुनीशी तिचं नातं नाव आणि मागच्या बाजूला उंचावलेलं छप्पर एवढंच. सांगाडा टाटाच्याच पाच आसनी हॅरियरचा, आणि हॅरियरचा आला लँड रोव्हरच्या रचनेवरून. दोन लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं. ते रांजणगावात बनतं आणि १७० पीएस ताकद देतं.

हे इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं फिरवतं. फोर-बाय-फोर गेलं. ओल्या किंवा खडबडीत रस्त्यासाठी मोड आहेत, पण ते ब्रेक आणि इंजिनवर ताबा ठेवतात, मागच्या चाकांना ताकद देत नाहीत. जुने सफारीवाले यावर चिडले, ते उगाच नव्हे. मात्र डांबरी रस्ता सोडायचा नसलेल्या कुटुंबाला बदल फायद्याचाच, कारण घाटातल्या वळणांवर ही गाडी जुनीइतकी झुकत नाही.

खरी मेख तिसऱ्या रांगेत आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर हॅरियर आणि सफारी दोघींचं सारखंच, २७४१ मिमी. सफारी लांबीला फक्त ६३ मिमी आणि उंचीला ८० मिमी जास्त. म्हणजे दोन जादा माणसांची सोय झाली ती शेपूट थोडं ताणून आणि छत वर उचलून. डोक्याला जागा आहे, पण गुडघे मधल्या रांगेच्या मर्जीवर. आणि सामान? तिन्ही रांगा उभ्या असताना डिकीत उरतात ७३ लिटर, शेवटची रांग पाडली की ४४७. गणपतीला सात जण कोकणात निघाले, तर बॅगा टपावरच्या कॅरिअरवर जाणार हे धरूनच चला.

२०२३ मध्ये चेहरा बदलला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हायड्रॉलिक स्टिअरिंग जाऊन इलेक्ट्रिक आलं आणि सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत मिळू लागल्या. त्याच डिसेंबरात भारत एनकॅप या धडक-चाचणीच्या पहिल्या निकालांत सफारीला मोठ्यांसाठी ३२ पैकी ३०.०८ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४४.५४ गुण मिळाले, दोन्हीकडे पाच तारे. कुटुंबासाठी मी तरी सनरूफआधी हे आकडे पाहीन.

माझं मत विचाराल तर ही पाच मोठी माणसं आणि दोन मुलं यांची गाडी आहे, सात मोठ्यांची नव्हे. शोरूमला जाताना घरातल्या सगळ्यांत उंच माणसाला सोबत न्या आणि त्याला तिसऱ्या रांगेत दहा मिनिटं बसवा. मधली सीट विक्रेत्याला पुढे सरकवू देऊ नका.

(पुढच्या आठवड्यात : ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे प्रकार)