हवाई युद्धातील भाराचा हिशेब



विमानयुद्धाच्या खेळाकडे आपण मुलांचा छंद म्हणून पाहतो. पण त्याचे मूळ शिक्षणात आहे. अमेरिकेत एडविन लिंक यांनी जमिनीवरच विमानोड्डाण शिकविणारे यंत्र तयार केले, आणि १९३४ साली तेथील लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. आज ते काम घरचा संगणकही करतो. २००१ साली निघालेला ‘आयएल-२ स्टुर्मोविक’ किंवा त्यानंतरचा ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या खेळांत उड्डाणापूर्वी खेळाडूला विचारले जाते : इंधन किती? तोफा कोणत्या? बाँब किती? नवशिका सारे भरून घेतो, आणि पहिल्याच झुंजीत त्याचे विमान गिरक्या घेत खाली येते. असे का व्हावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

विमान वळताना एका अंगावर कलते. ६० अंश कलून, उंची न सोडता वळावयाचे तर पंखांना विमानाच्या वजनाच्या दुप्पट भार तोलावा लागतो. ज्या वेगाखाली पंख विमानाला तोलू शकत नाहीत, तो वेगही सुमारे १.४ पट वाढतो. सरळ जाताना ताशी १६० किलोमीटरवर तग धरणारे विमान या वळणात सुमारे २२५ च्या खाली येताच ढासळते. थोडक्यात, जमिनीवर चढविलेला एक मण वळणात दोन मण होतो.

भार किती याइतकेच तो कोठे आहे यालाही महत्त्व आहे. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते, हे आपण जाणतो. अमेरिकेच्या मस्टँग विमानात वैमानिकाच्या पाठीमागे ८५ गॅलनांची, म्हणजे सुमारे ३२० लिटरची जादा टाकी बसविली होती. ती भरली की सुमारे २३० किलो भार मागे जाई आणि विमान उलाळ होई. वळणात दांडा थोडा ओढला तरी नाक आपणहून अधिकच आत वळे. म्हणून झुंज होण्यापूर्वीच या टाकीतील बरेचसे इंधन जाळून टाकावे, अशी शिस्त वैमानिकांना घालून दिलेली होती.

शस्त्रांचेही तसेच. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ च्या पंखांखाली २० मिलिमीटरच्या दोन जादा तोफा टांगता येत. चार इंजिनांची अवजड बाँबफेकी विमाने पाडण्यास त्या उपयोगी पडत. परंतु त्यांच्या वजनाने आणि हवेच्या अडथळ्याने विमान मंद होई, व चपळ लढाऊ विमानाशी गाठ पडली की त्याच तोफा गळ्यातील लोढणे ठरत. तेव्हा ‘उत्तम शस्त्र कोणते?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणाशी लढावयाचे आहे?’ हे आधी विचारले पाहिजे.

म्हणून जाणता खेळाडू इंधन बेताचे घेतो, बाँब खाली ठेवतो आणि हलक्या विमानाने झुंज जिंकतो. त्याचे हे गणित बरोबर आहे. मात्र येथेच खेळ आणि युद्ध यांच्या वाटा वेगळ्या होतात. मार्च १९४४ मध्ये बाँबफेकी विमानांच्या रक्षणासाठी मस्टँग विमाने इंग्लंडमधून बर्लिनपर्यंत गेली. अंतर सुमारे ९०० किलोमीटर, आणि तितकेच परत. त्या वैमानिकाला पाठीमागची टाकी नको, असे म्हणण्याची मुभा नव्हती. तिच्यामुळे विमान अवघड होते हे त्याला ठाऊक होते. तिच्यावाचून घर गाठता येणार नाही, हेही ठाऊक होते.

खेळाडू झुंजीपुरते इंधन घेतो. सैनिकाला परतीचेही घ्यावे लागते. हा फरक ध्यानात ठेवून जो हा खेळ खेळेल, त्याला यंत्राबरोबरच त्या माणसांचीही काही ओळख होईल.