८० किलोंचा ताण, ०.३ मिलिमीटरची फट

सुरात लावलेल्या चार तारांच्या इलेक्ट्रिक बेस गिटारची मान दिवसरात्र सुमारे ८० किलोंचा ताण सोसत असते. गिटार वाजत असो वा कव्हरमध्ये बंद असो, ताण तोच. ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या नेहमीच्या संचातली एकेक तार १८ ते २३ किलोंनी ओढते. म्हणजे एक भरल्या अंगाचा माणूस त्या लाकडाला कायमचा लोंबकळतो आहे. आणि एवढ्या ओढीखाली मेपलची ती निमुळती मान किती वाकलेली हवी? फेंडर कंपनीच्या सेटअपच्या मापांप्रमाणे फक्त ०.२५ ते ०.३५ मिलिमीटर.

अगदी सरळ मान चालत नाही. छेडलेली तार मधोमध सर्वांत जास्त फुगते, तिला तिथे मोकळी जागा लागते. जागा कमी पडली की तार फ्रेटवर आपटून खडखडते. जास्त झाली की बोटांना नाहक जोर लावावा लागतो आणि अर्ध्या तासात मनगट बोलू लागतं.

ही फट मोजण्याची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात गिटारची तारच पट्टीचं काम करते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावायचा आणि ईची जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धरायची. आता ती दोन टोकांमधली सरळ रेषा झाली. आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यामध्ये फीलर गेजचं पातं सरकवायचं. मोटारसायकलचे टॅपेट सेट करायला गॅरेजवाले वापरतात तेच हे गेज. ०.३० चं पातं अलगद आत गेलं आणि ०.३५ चं तारेला वर उचलू लागलं, की मान जागेवर आहे असं समजावं. नसेल तर मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते, ट्रस रॉड. अशा फिरवून घट्ट करता येणाऱ्या सळईचं पेटंट गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ मध्ये मिळालं. तिचा नट घट्ट केला की मान मागे येते, सैल केला की तारांच्या ओढीने पुढे वाकते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावायचा आणि पुन्हा मोजायचं. मुंबईत किंवा कोकणात जुलैत केलेला सेटअप जानेवारीत तसाच सापडेल अशी अपेक्षा धरू नये. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि ०.१ मिलिमीटर इकडचा तिकडे व्हायला तेवढं पुरतं.

सूर उतरवला तरी हा हिशेब बदलतो. ई तार दोन अर्धस्वर खाली आणून डी केली, तर तिच्यावरचा ताण २० टक्क्यांहून थोडा जास्तच घटतो. मान तेवढी मागे सरते, फट मिटते, आणि परवापर्यंत स्वच्छ वाजणारा बेस कुरकुरू लागतो.

लिओ फेंडर यांनी कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तेव्हा तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर ठरवली. फ्रेट २०. पहिलं घर ४८.५ मिलिमीटर रुंद आणि शेवटचं अवघं १६.२. चार तारा आणि २० फ्रेट मिळून ८४ जागा होतात, पण त्यांतून वेगवेगळे सूर निघतात ३६च. एकच सूर अनेक जागी सापडतो, आणि प्रत्येक जागी त्याचा पोत वेगळा लागतो.

फ्रेटच्या जागा ठरवायला पूर्वी कारागीर सोपा हिशेब करत: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग. १५८१ मध्ये हा नियम मांडणारे विन्सेंझो गॅलिली हे खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील. आज तो भाजक १७.८१७ धरतात. फरक दिसायला किरकोळ, पण अठराच्या हिशेबाने बेसचा बारावा फ्रेट ३ मिलिमीटरहून जास्त चुकतो.

एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. ब्रिजवरचं सॅडल एक मिलिमीटर सरकवलं, की बाराव्या फ्रेटवरचा सूर खुल्या तारेच्या तुलनेत दोन सेंटांनी बदलतो. इथे मात्र अतिरेक नको. दोन बेस एकत्र खुली ई वाजवत असतील आणि त्यांच्यात एका सेंटचा फरक असेल, तर मूळ सुराच्या लहरी जुळून, विस्कटून पुन्हा जुळायला ४२ सेकंद लागतात. तोवर गाण्याचं कडवं संपलेलं असतं. दोन-तीन सेंटांवर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवावा, हे माझं स्पष्ट मत.

या ई तारेवरून लहर ताशी २५६ किलोमीटर वेगाने धावते, जीवरून ताशी ६०० च्या वर. ओढ जवळपास सारखीच, फरक वजनाचा. ई सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते; हवेत तिच्या एका लहरीची लांबी ८.३ मीटर भरते. दहा बाय दहाच्या खोलीत ती मावत नाही, म्हणून तिथे बसून लावलेला बेस मंचावर वेगळाच वाजतो.

खरं थक्क व्हायचं ते पिकअप पाहून. १९५७ पासून प्रिसिजन बेसचा पिकअप दोन तुकड्यांचा झाला. दोन्हींची गुंडाळी परस्परविरुद्ध, म्हणजे विजेची घरघर आपोआप कटते. मल्टिमीटर लावला तर रोध १० ते ११ हजार ओहम दाखवतो. आत ४२ गेजची तांब्याची तार असते, ०.०६३ मिलिमीटर जाड, मीटरला सुमारे ५.४ ओहम रोधाची. भागाकार करा: जवळपास दोन किलोमीटर तार! तांब्याचं वजन मात्र जेमतेम ५५ ग्रॅम.

फ्रेटच काढून टाकणारेही आहेत. बेसवादक जाको पास्टोरियस यांचा फ्रेटलेस जॅझ बेस, होड्यांना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिलेला, जगभर गाजला. फ्रेटलेसवर बाराव्या जागी बोट एक मिलिमीटर चुकलं की चार सेंट, विसाव्या जागी सहाहून जास्त. उलट मोटाउन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन यांच्या बेसवर ०.०५२ ते ०.११० च्या जाड, सपाट गुंडाळीच्या तारा होत्या आणि त्याही फिंगरबोर्डपासून चांगल्या उंच. कारखान्याचं कुठलंच माप त्यांच्या हाताला लागू नव्हतं.

तरीही सुरुवात मोजमापानेच करा. नवा पिकअप किंवा नवा बेस घ्यायचा विचार असेल, तर आधी एक फीलर गेज आणा, ट्रस रॉडला बसणारी ॲलन की शोधा आणि हातातल्या बेसची आठव्या फ्रेटवरची फट मोजून पाहा.