पुरुषांतील कामेच्छाह्रास : आधी हेतू, मग वाजीकरण

वाजीकरण हे अष्टांग आयुर्वेदातील स्वतंत्र अंग. तथापि मुंबईच्या उपनगरांत त्याचा निर्णय बहुधा औषधालयाच्या काउंटरवरच होतो. अंधेरी असो वा मुलुंड, ग्राहक दबक्या आवाजात ‘ताकदीचे काहीतरी’ मागतो आणि बाटली घेऊन निघून जातो. चिकित्सालयात आलाच, तर अशक्तपणा, कंबरदुखी किंवा ‘धातू जातो’ एवढेच सांगतो. मूळ तक्रार वैद्यानेच विचारून काढावी लागते.

तक्रार नेमकी कोणती?

इच्छाच नसणे, इच्छा असून ध्वजोत्थान न होणे आणि शीघ्रस्खलन या तीन भिन्न अवस्था आहेत. इच्छा प्रथमपासून अल्प की अलीकडे घटली, ती सर्वथा नाही की केवळ पत्नीसंबंधी नाही, पहाटेचे उत्थान होते की नाही, हे प्रश्न एकांतात व संकोच न ठेवता विचारावेत.

सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या २६ व्या अध्यायात क्लैब्याचे सहा प्रकार वर्णिले असून त्यांत मानस क्लैब्यास प्रथम स्थान दिले आहे. चरकाचार्यांनी यज्जःपुरुषीय अध्यायात वृष्य भावांमध्ये संकल्प, तर अवृष्य भावांमध्ये दौर्मनस्य अग्र्य मानले आहे. कामेच्छेचा विचार मनापासून सुरू करावा, हे यावरून स्पष्ट होते.

उपनगरी जीवनातील हेतू

बोरिवलीहून चर्चगेटपर्यंतचा रोजचा लोकल प्रवास, सीप्झ परिसरातील रात्रपाळी, घराच्या कर्जाचे हप्ते आणि एका खोलीत तीन पिढ्यांचा वास, हे हेतू कोणत्याही निदानपंचकात नोंदविण्याजोगे आहेत. शिकागो विद्यापीठाच्या २०११ मधील एका लहान अभ्यासात दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोप दिली असता त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. निद्रेस त्रयोपस्तंभांत स्थान का, याचे हे आधुनिक प्रत्यंतर होय.

चालू औषधांची चौकशी अवश्य करावी. नैराश्यावरील व मनोविकारांवरील काही औषधे इच्छा कमी करतात. मद्यपान आणि व्यायामशाळेत घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनेही विसरू नयेत. रक्तशर्करा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि सकाळी, दोन वेगळ्या दिवशी तपासलेले टेस्टोस्टेरॉन यांतून पुष्कळ उलगडा होतो. मध्यमवयीन रुग्णातील नवीन ध्वजभंग ही हृद्रोगाची पूर्वसूचना असू शकते. तेथे हृदयतपासणीस विलंब नको.

चिकित्साक्रम

मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही, तद्वत अशुद्ध देहात वृष्य योग फलद्रूप होत नाहीत, असे चरकाचार्य सांगतात. म्हणून निदानपरिवर्जन, दीपन-पाचन, बलानुसार शोधन आणि त्यानंतर अश्वगंधा, कवचबीज, शतावरी, गोक्षुर, माष, दूध, तूप हा क्रम ठेवावा. मधुमेहींना साखरयुक्त पाक देऊ नयेत; थायरॉइडच्या रुग्णांत अश्वगंधा जपून वापरावी. शक्य तेथे पत्नीसही चर्चेत सहभागी करून घ्यावे. दोघांमधील अबोला चूर्णाने जात नाही.

औषधालयचालकांसाठी

कामिनीविद्रावण रसात अहिफेन आहे. अहिफेनवर्गीय द्रव्यांच्या दीर्घ सेवनाने व्यसन जडते, टेस्टोस्टेरॉन घटते आणि इच्छा मंदावते. म्हणजे ज्यासाठी औषध घेतले तेच नष्ट होते. अहिफेन अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट असल्याने असे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. चिठ्ठीवाचून ते देऊ नयेत.

दुसरा धोका भेसळीचा. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत सिल्डेनाफिल दडवलेले असल्याचे अमेरिकेच्या औषध प्रशासनाला वारंवार आढळले आहे. हृद्रोगासाठी सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब अशा गोळीने एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. अर्ध्या तासात गुण देणारे ‘चूर्ण’ संशयास्पदच समजावे. परवाना क्रमांक व घटकद्रव्ये नसलेला माल ठेवू नये. लैंगिक सुखाची क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीस १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या कलम ३ अन्वये मनाई आहे.

लाजेपोटी दबक्या आवाजात बोलणाऱ्या ग्राहकास बाटलीऐवजी वैद्याचा पत्ता देणे, यात त्या दिवसाची एक विक्री कमी होईल. पण मधुमेह वा हृद्रोग वेळेवर सापडून एखादे कुटुंब सावरेल. वैद्य आणि औषधविक्रेता यांच्या परस्पर सहकार्याची कसोटी येथेच लागते.