डोळ्यांसमोरून न हलणारे दृश्य

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचा बळी गेला. सातारा जिल्ह्यातही २५ जानेवारी २००५ रोजी मांढरदेवच्या काळूबाई यात्रेत चेंगराचेंगरी झाली होती, आणि जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव येथे दरडी कोसळल्या. अशा आपत्तीनंतर पंचनाम्यात घर, जनावरे आणि पीक यांची नोंद होते. परंतु वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोरून जे दृश्य हलत नाही, त्यासाठी त्यात रकाना नसतो.

मनात न बोलावता वारंवार शिरणाऱ्या अशा प्रतिमेला अनाहूत प्रतिमा म्हणतात. सामान्य आठवणीला काळ आणि स्थळ चिकटलेले असते, त्यामुळे ती आठवताना गोष्ट घडून गेल्याचे भान टिकते. मात्र जिवावरच्या प्रसंगात आवाज, वास आणि स्पर्श तीव्रतेने ठसतात, आणि ‘हे तेव्हा घडले, आता संपले’ ही जोड कच्ची राहते, असे अनेक मानसशास्त्रज्ञ मानतात. म्हणूनच पत्र्यावर पावसाचा जोर वाढला किंवा ओल्या गाळाचा वास आला, की पुरात सुटलेला हात पुन्हा आत्ता सुटतो आहे असे वाटून छाती धडधडू लागते. हा दुबळेपणा नव्हे आणि वेडही नव्हे.

काही प्रतिमा मात्र कधीच न घडलेल्या गोष्टींच्या असतात. बाळाला दूध पाजणाऱ्या आईच्या मनात त्याला विहिरीत टाकल्याचे चित्र येते, आणि ती स्वतःलाच भिऊन विहिरीकडे जाणे सोडते. असे नकोसे विचार बहुसंख्य निरोगी माणसांच्याही मनात येतात, हे रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी १९७८ मध्ये दाखवले. ज्या गोष्टीची माणसाला सर्वाधिक किळस किंवा भीती असते तीच येथे दिसते, त्यामुळे तिला सुप्त इच्छा समजणे हा त्या आईवरचा घोर अन्याय आहे. प्रतिमा खोटी पाडण्यासाठी पुन्हा पुन्हा खात्री करणे, जप मोजणे असे सुरू झाले, की त्या आजाराला मंत्रचळ किंवा ओसीडी म्हणतात.

‘विसरून जा, मनावर घेऊ नकोस’ हा सल्ला मायेपोटी दिला जातो, पण तो उलटतो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तो दाबता आला नाहीच, शिवाय नंतर मुभा मिळताच त्यांच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. झोप लागावी म्हणून दारूकडे वळणे हेही दाबणेच होय. नरेंद्र दाभोलकर यांनी साताऱ्यात सुरू केलेली ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्ती संस्था पुढे मानसिक आरोग्याच्या कामातही उतरली; व्यसन आणि मानसिक त्रास हे दोन प्रश्न अनेकदा एकाच घरात राहतात. देवाचे नाव घेऊन ज्याला धीर येतो त्याने ते जरूर घ्यावे. परंतु ‘बाहेरचे झाले आहे’ म्हणून अंगाऱ्याधुपाऱ्यात महिने गेले, तर त्या महिन्यांचे दुःख टाळता येण्याजोगे होते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

प्रतिमा आली की तिच्याशी झगडू नये. ती येऊ द्यावी आणि पाय जमिनीवर टेकवून आजची तारीख, समोरची भिंत, शेजारचे माणूस यांची नावे मोठ्याने घ्यावीत. पावसाळ्यात ‘आज आयर्विनला किती फूट?’ हा सांगलीकरांचा नित्याचा प्रश्नही येथे उपयोगी पडतो, कारण आजचा आकडा पुराच्या त्या दिवसाला आजपासून वेगळे करतो. दुर्घटनेच्या चित्रफिती मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहणे थांबवावे. सुरुवातीच्या आठवड्यांत झोप, जेवण आणि सोबत पुरेशी असते, बहुतेकांचा त्रास आपोआप ओसरतो, आणि कोणालाही सर्व हकिगत सांगण्याची सक्ती करू नये.

महिना उलटूनही त्रास टिकला, तर तो आघातोत्तर ताणविकार असू शकतो. त्यावरील उपचारात रुग्ण तज्ज्ञाच्या आधाराने प्रसंग सुरुवातीपासून सांगतो, आणि मन जेथे अडकले त्या क्षणापाशी न थांबता पाण्याबाहेर आल्यापर्यंत नेतो. ‘मीच हात सोडला’ हा अपराधभाव त्या ओढीच्या पाण्यात कोणाच्या हाती काय होते याच्याशी ताडून पाहिला जातो. मंत्रचळाच्या उपचारात याउलट प्रतिमा येऊ देऊन खात्री करण्याची कृती टाळण्याचा सराव असतो. गरजेनुसार औषधे दिली जातात, पण झोपेच्या गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत. जिल्हा रुग्णालये आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करता येते; १४४१६ ही ऑक्टोबर २०२२ पासूनची शासनाची मोफत ‘टेलिमानस’ सेवा मराठीतही बोलते, आणि पहिल्याच फोनवर ते दृश्य सांगावे लागत नाही, ‘झोप येत नाही’ एवढे सांगितले तरी चालते.